नालवाडीच्या धुऱ्यावर

मनमाडला सकाळच्या गाडीत चढले तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. कपड्यांची पिशवी बाकाखाली सरकवली आणि कागदांची मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाई दोनदा म्हणाल्या, "ठेवा की खाली, कोण नेतंय?" मी नुसतं हसले. त्या पिशवीत जमिनीचा जुना नकाशा होता, सरकारी मोजणीची नोटीस होती आणि मी स्वतः लिहिलेल्या एका पत्राची प्रत होती. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर आपल्या पत्रांचा थोडा गर्व होतोच. या पत्राचा तर मला फारच होता.

प्रकरण असं. वर्धा शहराला लागून नालवाडी आहे. तिथली घरं संपून भाजीपाल्याची शेतं सुरू होतात, तिथे रस्त्याला लागून आमच्या ख्रिस्ती मंडळीची लहानशी दफनभूमी आहे. मंडळी एकेकाळी बरी मोठी होती. आता वर्ध्यात चार घरं उरली आहेत. बाकीचे नागपूर, नाशिक, पुण्याकडे पांगले. माझे वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. मी कॉलेजात असताना ते गेले आणि तिथेच त्यांना माती दिली. पुढे लग्न होऊन मी मनमाडला, रेल्वेच्या गावात आले आणि तिथलीच झाले. तरी दफनभूमीच्या कमिटीत माझं नाव राहिलं, आणि लिहिता चांगलं येतं म्हणून चिटणीसही मीच झाले.

तीन वर्षांपूर्वी कमिटीतल्या नागपूरच्या एका सभासदाने फोटो पाठवले. दक्षिणेकडची दगडी भिंत पडली होती आणि शेजारच्या शेतकऱ्याची वांगी थेट कबरींच्या पायथ्याशी आली होती. त्याच्या घरची माणसं डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन कबरींमधून चालत होती आणि आमच्या फाटकातून रस्त्यावर निघत होती. मला संताप आला. आपण थोडे लोक. थोड्यांनी ताठ राहिलं नाही तर एक दिवस उभं राहायलाही जागा उरत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. मी फाटकाला कुलूप लावायला सांगितलं आणि कमिटीच्या वतीने त्या शेतकऱ्याला पत्र लिहिलं. त्यात अतिक्रमण हा शब्द चार वेळा होता आणि पोलिसांचा उल्लेख एकदा. उत्तर आलं नाही. मग आम्ही मोजणीचा अर्ज केला, आणि पुष्कळ वाट पाहिल्यावर जानेवारीतली एक तारीख मिळाली.

वडिलांच्या कबरीवर मी अकरा वर्षांत गेले नव्हते. मोजणीला मात्र तातडीने निघाले. आज हे लिहिताना लाज वाटते. गाडीत वाटत नव्हती.

भुसावळपर्यंत केळीच्या बागा, अकोल्यापासून कपाशी. बोंडं जवळजवळ वेचून झाली होती, पऱ्हाट्यांवर कुठे कुठे पांढरा पुंजका राहिला होता. बडनेऱ्याला एक बाई तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी घेऊन चढल्या आणि बसल्या बसल्या सोलायला लागल्या. माझ्याकडेही मूठभर सरकवल्या. कोवळे दाणे, थोडे गोड. खाता खाता पुलगाव गेलं आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाने माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती आणि समोरच्या पाटीवर सेवाग्राम लिहिलेलं होतं. वर्धा मागे राहिलं होतं. कागदांची पिशवी छातीशी धरून मी कशीबशी उतरले. कपड्यांची पिशवी त्या शेंगावाल्या बाईंनी खिडकीतून दिली.

बाहेर एक रिक्षावाले उन्हात पेपर वाचत होते.

"कुठी जाच हाय, बाई?"

"वर्ध्याला. पिपरी मेघेला."

"मंग इथं काऊन उतरल्या?"

"झोप लागली."

"होते जी," ते पेपरची घडी घालत म्हणाले. "या थंडीच्या उन्हात लय लोकाईले लागते."

इतक्या समजूतदारपणे कुणी माझी चूक पोटात घातली याचं मला बरं वाटलं. दुसऱ्याची चूक पोटात घालायचा विचार तेव्हा माझ्या मनातही नव्हता.

पिपरी मेघेला मनोहरकाकांकडे उतरायचं होतं. ते आमच्या नात्यातले नाहीत. माझ्या वडिलांच्या हाताखाली ते दवाखान्यातलं काम शिकले. आता ऐंशीच्या घरात आहेत. वर्ध्यातली चार घरं एकत्र ठेवण्याचं काम तेच करतात, त्यांच्याच बैठकीच्या खोलीत रविवारची उपासना होते. दारातच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती दिवसानं आली, बाई! तुया बापासारकीच दिसते आता."

सुशीलाकाकूंनी जेवायला ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत केलं होतं. वर सांबार पेरलेला होता. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नवा माणूस नाव ऐकून इडलीची वाट बघत बसतो. भरीत इतकं छान होतं, की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"पुंडलिकच्या वावरातले (शेतातले) वांगे होत," काकू म्हणाल्या. "बाजारात असे भेटत नाई."

माझा घास हातातच राहिला. पुंडलिक उरकुडे हेच त्या शेतकऱ्याचं नाव. माझ्या पत्रावर मी तेच लिहिलं होतं.

"तुम्ही त्यांच्याकडून भाजी घेता?"

"मंग कोनाकडून घेऊ? मी इथं आली तवापासून त्याच्याच घरची भाजी खातो आमी."

काकांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "उद्या मोजणीच्या अगोदर त्याच्याशी एकदा बोलून घेतलं असतं तं..."

"काका, आता नकाशाच काय ते बोलेल," मी म्हणाले. वाक्य छान जमलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. निघताना कोपऱ्यावर तर्री पोहे (वर तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि रिक्षाने आम्ही नालवाडीच्या पुढे पोचलो. लोखंडी फाटक, वर क्रूस, आणि आमचं कुलूप. मोजणीचे साहेब यंत्र धरणाऱ्या माणसाला घेऊन आधीच आले होते. काकांनी किल्ली घातली. ती फिरेना. दीड वर्षात तिथे कुणाची माती झाली नव्हती, दोन पावसाळे कुलपावरून गेले होते. मी म्हटलं, "द्या इकडे," आणि जोर लावला. किल्ली कटकन मोडली. अर्धी माझ्या हातात, अर्धी आत.

"अर्जदार तुम्हीच ना, मॅडम?" साहेबांनी विचारलं. "मग आत कसं जायचं?"

"नाल्याकडून रस्ता हाय," काका हळूच म्हणाले.

रस्ता म्हणजे पायवाट होती. दफनभूमीला वळसा घालून, बाभळींमधून, नाल्यात उतरून पलीकडे शेतात चढायचं. जानेवारीतही नाल्याच्या काठाला चिखल होता. साहेब आणि त्यांचा माणूस झपझप गेले. काका काठी टेकत गेले. मी कागदांची पिशवी सांभाळत तिसऱ्या पावलाला घसरले. उजवा पाय पोटरीपर्यंत गाळात, चप्पल आत. पलीकडच्या काठावर एक बाई उभी होती, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन पावलं उतरली आणि तिने डावा हात पुढे केला. मी धरला. तिने मला वर ओढलं, मग वाकून त्याच हाताने गाळातून चप्पलही काढून दिली.

"या," ती म्हणाली. "आमच्या वावरातून या. आमी कोनाले अडवत नाई."

ही वच्छलाबाई, पुंडलिक उरकुड्यांची बायको. बोलणं मला बरोबर समजलं. एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल घेऊन मी त्यांच्या वांग्यांच्या सऱ्यांमधून आमच्या दफनभूमीकडे गेले.

आत गेल्यावर मी थांबले. फाटकाकडची बाजू गाजरगवताने कमरेइतकी भरली होती, कबरी दिसतही नव्हत्या. पण शेताकडच्या दोन रांगा स्वच्छ होत्या. दगड न् दगड मोकळा. दुसऱ्या रांगेत चौथी कबर माझ्या वडिलांची. त्यांच्या नावातलं एक अक्षर झिजून गेलं होतं, पण आजूबाजूला काडीही नव्हती.

"हे कोण साफ करतं?" मी काकांना विचारलं.

उत्तर मागून आलं. "मी करतो," वच्छलाबाई म्हणाल्या. इकडच्या बायकाही 'करतो' म्हणतात. "थे गवत इकडून आमच्या वावरात येते. म्हणून काढतो. पुण्यासाठी नाई काढत."

मोजणीला दोन तास लागले. पुंडलिकभाऊ धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उकिडवे बसून होते. उंच, काळेसावळे, कानाला मफलर. त्यांनी मला हात जोडले, मीही जोडले, एवढंच. साहेब यंत्राकडे बघत, नकाशाकडे बघत, पुन्हा पहिल्या खुणेकडे जात. एकदा मोजून त्यांनी सगळं परत मोजलं. मग त्यांच्या माणसाने चुन्याची रेघ ओढायला घेतली. मला वाटलं होतं रेघ वांग्यांमधून जाईल. ती वांग्यांपर्यंत आलीच नाही. ती कबरींच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेमधून सरळ निघून गेली.

"हे काय?" मी विचारलं.

"हद्द," साहेब म्हणाले. "अतिक्रमण आहे, मॅडम. पण यांचं नाही. या दोन रांगा यांच्या जमिनीच्या गटात आहेत. तुमची जुनी भिंतच चुकीच्या ठिकाणी बांधली गेली होती."

मी खाली बघितलं. माझे वडील रेघेच्या पलीकडे होते.

त्या क्षणी मला पहिली वाटली ती भीती. हा माणूस आता काय करेल? मी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत होतं. पत्र लिहिलं असतं.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी पुंडलिकभाऊंना विचारलं.

"माहीत होतं जी. माया बापानं दाखवून ठेवलं होतं."

"मग माझ्या पत्राला उत्तर का दिलं नाहीत? तेव्हाच सांगायचं ना, मोजणी करा म्हणून."

त्यांनी मफलर कानावरून खाली ओढला. "मोजणी झाली असती तं हेच निंगालं असतं. मंग कोनी तरी म्हनलं असतं, काढा इथून. मानसं निजले हायेत थितं, बाई. त्याहिले उठवून मी कुठी नेऊ? म्हणून गप बसलो."

साहेबांनी कागद पुढे केला. "जबाबावर सह्या लागतील. मोजणी मान्य नसेल तर तसं लिहा. पुन्हा वरच्या कार्यालयाकडून मोजणी होईल. तोपर्यंत आहे तसं राहतं."

म्हणजे वाट होती. हरकतीच्या चार ओळी लिहायच्या, की प्रकरण वर्षानुवर्षं लांबलं असतं. त्या चार ओळी माझ्या डोक्यात तयारही झाल्या, शुद्धलेखनासकट. काका जमिनीकडे बघत होते.

"लिवा, लिवा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमाले लिवता येते. आमी वाचून घेऊ मागच्यासारकं." आणि मग त्यांचा आवाज चढला. "थे पत्र माया सुनेनं घरात वाचून दाखवलं. माई सासू पंच्याऐंशी वर्साची हाय. पोलीस पोराले नेतीन म्हणून तिनं जेवन सोडलं. अजूनबी दारात गाडी थांबली का लपते. आन् हे पाहा." त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "तुमी फाटक लावलं. भाजीची गाडी थांबते रोडवर. डोक्यावर पाटी घेऊन त्या नाल्यातून जा लागे. पयल्याच पावसाळ्यात पडलो."

मला सकाळचा तो डावा हात आठवला. माझा पाय अजून चिखलाने भरलेला होता.

"कमिटीच्या वतीने मी..." मी सुरुवात केली.

"कमिटी कोन?"

काका पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत. ते बरं झालं.

"मीच," मी म्हणाले. "कुलूप मीच लावायला सांगितलं. पत्रही मीच लिहिलं. एकदा येऊन बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा सांगितली असेल. सांगताना माझा गळा भरून यायचा. इथे मात्र चार साधी वाक्यं म्हणताना जीभ जड झाली होती. मी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं आणि 'मोजणी मान्य' असं लिहून सही केली.

वच्छलाबाईंनी पाटी उचलली आणि मागे न बघता वांगी तोडायला निघून गेल्या. पुंडलिकभाऊ उठले. "घरी इचारतो," एवढंच म्हणाले. काय विचारणार, ते मला विचारायचा धीर झाला नाही.

परतताना रिक्षात काका म्हणाले, "हे मी तुले फोनवर सांगाले पाह्यजे होतं. मले भिंतीचा शक होताच. पन तू ऐकली नसती असं वाटलं."

"नसतंच ऐकलं," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी पुंडलिकभाऊंचा काकांना फोन आला. घरी बोलावलं होतं. त्यांचं घर शेतापासून जवळच, नालवाडीच्या कडेच्या गल्लीत. पक्कं, स्लॅबचं, पुढे ओसरीवर पत्रे. ओसरीत बाजेवर एक म्हातारी उन्हाला बसली होती. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. आदल्या दिवशीचा राग चेहऱ्यावर नव्हता, पण हसूही नव्हतं.

"कागद नको," त्या म्हणाल्या. "जे काल मले सांगतलं, थे हिले सांगा. तोंडानं. बुडीचं (म्हातारीचं) भेव जाऊ द्या. मंग बाकीचं पाहू."

मी बाजेजवळ खाली बसले. "आजी, ते पत्र मी लिहिलं होतं. माझी चूक झाली."

"काय म्हनते?" म्हातारीने कान पुढे केला.

"ऐकू कमी येते," वच्छलाबाई म्हणाल्या. "जोरानं बोला."

मी आवाज वाढवला. "आजी! ते पत्र! माझी चूक झाली!"

"कोनाची चूक झाली?"

"माझी!" मी ओरडले. शाळेच्या मैदानावर ओरडायची तशी ओरडले. समोरच्या घरातली बाई भांडी घासता घासता उभी राहिली. शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी डोकावली. गल्लीतून सायकलवर जाणारे एक गृहस्थ पाय टेकवून थांबले. "माझी चूक झाली, आजी! जागा तुमचीच आहे! आम्हीच तुमच्या जागेत आहोत!"

म्हातारीने माझा चेहरा नीट बघून घेतला.

"मंग पोलीस येनार नाई ना?"

"नाही, आजी!"

"माया पुंडल्याले नेनार नाई ना?"

"कोणी नेणार नाही!"

म्हातारीने एक लांब श्वास सोडला आणि बाजेवर आपल्या बाजूला थापटलं. "मंग खाली काऊन बसली? वर बस. जेवून जा."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला, त्या हसत होत्या की काय मला कळलं नाही. पण समोरची भांडीवाली नक्की हसत होती. आयुष्यात इतक्या लोकांसमोर, इतक्या मोठ्याने मी कधी चूक कबूल केली नव्हती, आणि त्यानंतर इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

जेवायला चून (पिठलं) होतं, भाकरी, आणि ताज्या हरभऱ्याच्या सोल्यांची भाजी. जेवणाआधी मी आणि काकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा सगळे आमच्यासाठी थांबलेले होते. पहिला घास कुणीच घेतला नव्हता.

जेवताना पुंडलिकभाऊ बोलले. "धुरा हाय थितंच राहीन. मी पोराहिलेबी सांगून ठेवतो. दोन सऱ्या वांगे कमी लागले तं काई मी मरत नाई. फाटक तेवढं उघडं ठेवा."

"फाटक आजच उघडू," मी म्हणाले.

"किल्ली तं मोडली ना तुमच्यानं?" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्या उघड हसल्या.

दुपारी पुंडलिकभाऊंनी घण आणला. दोन घावांत कुलूप खाली पडलं. फाटक करकरत उघडलं, आणि रस्त्याकडून येणारा वारा गाजरगवतावरून आत शिरला. वच्छलाबाई सांबाराच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन शेताकडून आल्या, कबरींच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेल्या आणि फाटकातून रस्त्यावर निघाल्या. कुठल्याही कबरीला त्यांचा पाय लागला नाही. ती वाट त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

रविवारी उपासनेनंतर मी चार घरांसमोर सगळं सांगितलं. आमच्यातल्या एका निवृत्त लिपिकांना माझी सही पटली नाही. "उद्या त्यांच्या पोरांनी ऐकलं नाही तर? आपल्या हातात काय राहिलं?" ते म्हणाले. प्रश्न खोटा नव्हता, आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तरही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की आपल्या हातात इतके दिवस जे होतं, तेही त्यांनीच ठेवलेलं होतं. लिपिकांना ते पटलं असं नाही. मग कमिटीच्या नोंदवहीत मी लिहिलं, की कबरींच्या दोन रांगा उरकुडे कुटुंबाच्या जमिनीत असून त्यांच्या संमतीने आहेत. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, लिपिकांनी सर्वांत शेवटी. दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही सगळे विळे घेऊन नालवाडीला गेलो आणि फाटकाकडचं गाजरगवत काढलं. मी अर्ध्या तासात दमले. वच्छलाबाई धुऱ्यावरून बघत होत्या. "मुळासकट काढा जी," त्या ओरडल्या, "नाई तं येते पुन्हा."

सोमवारी परतीची गाडी. या वेळी वर्धा स्टेशनवरच चढले. नातवंडांसाठी गोरसपाक (वर्ध्याची तुपातली बिस्किटं) घेतला होता, काकूंनी त्यावर संत्र्यांची पिशवी दिली होती. गाडी सुटल्यावर तुरीची शेतं मागे जाऊ लागली. कागद कुठल्या पिशवीत आहेत हे मला आठवत नव्हतं, आणि शोधावंसंही वाटलं नाही.

मी तिथे जागा राखायला गेले होते. आपण थोडे आहोत, म्हणून ताठ राहिलं पाहिजे, हे मी कुणाच्या शिकवणीतून उचललं होतं? निदान ज्याच्या नावाने आम्ही प्रार्थना करतो त्याच्या तर नाही. थोड्या लोकांना जागा मिळते ती बरेचदा शेजाऱ्यांनी सरकून दिलेली असते, आणि सरकणारा त्याबद्दल बोलत नाही, म्हणून ती आपलीच आहे असं वाटत राहतं. हे कळायला मला इतकी वर्षं लागली याचं वाईट वाटतं. पण उशीर होण्याआधी कळलं, म्हातारीच्या जिवात जीव असताना कळलं, याचं समाधान त्याहून मोठं आहे.

पुलगावच्या पुढे शेजारच्या बाईंनी डबा उघडला आणि बोलणं काढलं.

"वर्ध्याला कोण असतं तुमचं?"

"वडील," मी म्हणाले. "नालवाडीला. त्यांच्या कबरीवर गेले होते."

"अरे देवा. ख्रिश्चन का तुम्ही? मग तिकडे तुमच्या लोकांची जागा असेल वेगळी."

"आहे," मी म्हणाले. "पण आमचे वडील उरकुड्यांच्या वावरात आहेत."

"उरकुडे म्हणजे नात्यातले?"

मी जरा विचार केला.

"शेजारी," मी म्हणाले, आणि त्यांनी पुढे केलेल्या डब्यातून एक वडी उचलली.